केदारनाथच्या यात्रेत दोन रात्री वाढवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्रीला ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात केदारनाथचे दरवाजे उघडण्याचा मुहूर्त जाहीर होतो आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींचा हंगाम सुरू होतो. दोन धाम, सहा रात्री, विमानाने, महाराष्ट्रीय जेवण, सोबत अनुभवी व्यवस्थापक. या चौकटीत सगळे छापलेले असते, फक्त कोणत्या रात्री आपण किती मीटर उंचीवर झोपणार तेवढे नसते. केदारनाथला आजारी पडून खाली आणलेल्या बहुतेक माणसांची गोष्ट त्या न छापलेल्या आकड्यात असते, म्हणून हे पत्र.

नेहमीचा कार्यक्रम पाहा. पहिल्या दिवशी विमानाने डेहराडून किंवा रेल्वेने हरिद्वार, मुक्काम हरिद्वार-ऋषिकेशला, म्हणजे समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटरवर. दुसऱ्या दिवशी देवप्रयाग, गढवालमधले श्रीनगर, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी करत आठ-दहा तासांचा घाटरस्ता आणि अंधार पडता पडता गुप्तकाशी, उंची १,३१९ मीटर. फार तर थोडे पुढे फाटा किंवा सीतापूर. तिसऱ्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर उठवून सोनप्रयाग, तिथून शटल जीपने पाच किलोमीटरवर गौरीकुंड आणि लगेच चढाई. त्याच रात्री मुक्काम केदारनाथला, ३,५८३ मीटरवर. ज्याने रविवारची रात्र ठाण्यातल्या आपल्या घरी काढली, तो बुधवारी रात्री साडेतीन हजार मीटरवर झोपण्याचा प्रयत्न करत असतो.

आपल्याकडचे पट्टीचे चालणारेसुद्धा इथे फसतात, कारण सह्याद्रीत उंचीची सवय होतच नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर आहे. गौरीकुंड, जिथे केदारनाथचा चढ नुसता सुरू होतो, ते १,९८२ मीटरवर आहे. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याचे पाय तयार असतात, दम तयार असतो. विरळ हवेशी शरीराने जुळवून घेणे हा मात्र वेगळा मामला आहे. तो व्यायामाने होत नाही, त्याला रात्री द्याव्या लागतात. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, लवकर पोहोचतो आणि साठीच्या काकांच्या आधी त्याचे डोके दुखू लागते, हे दृश्य तिथे रोजचे आहे.

केदारनाथला हवेत ऑक्सिजन कमी असतो असे सरसकट म्हटले जाते. हवेतले त्याचे प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन दोन तृतीयांशच मिळतो. शरीर यावर श्वास वाढवून, लघवीवाटे क्षार टाकून, नाडी जलद करून मार्ग काढते, आणि या कामाला दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच उंचीवरच्या आजारांच्या वैद्यकात एक संकेत रूढ आहे: सखल भागातून आल्यावर पहिली रात्र शक्यतो २,८०० मीटरच्या खाली काढावी आणि तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. गुप्तकाशीहून थेट केदारनाथला झोपायला जाणारा एका रात्रीत २,२६४ मीटरची उडी मारतो. उत्तराखंड सरकारच्याच आरोग्य सूचनांत चारधाम यात्रेसाठी किमान सात दिवस ठेवा, शरीराला सवय होऊ द्या, असे म्हटले आहे. कंपन्या सात दिवस ठेवतात खऱ्या, पण ते दिवस प्रवासात आणि बद्रीनाथच्या रस्त्यावर जातात, सवयीसाठी एकही उरत नाही.

यावरचा उपाय रस्त्यातच आहे. ऋषिकेशहून निघून दुसरी रात्र ऊखीमठला काढावी. हिवाळ्यात केदारनाथची पंचमुखी डोली इथल्याच ओंकारेश्वर मंदिरात येते, त्या मंदिराचे दर्शनही होते. तिसरी रात्र चोपत्याला, सुमारे २,७०० मीटरवर. चौथ्या दिवशी सकाळी चोपत्याहून तुंगनाथ, जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटरची बांधीव वाट. तुंगनाथ स्वतः पंचकेदारांपैकी एक, आणि त्याची उंची केदारनाथच्या तोडीची. म्हणजे दिवसा वर जाऊन शरीराला विरळ हवेची ओळख करून द्यायची आणि झोपायला खाली यायचे. दुपारी गाडीने उतरून चौथी रात्र गुप्तकाशी किंवा सीतापूरला. पाचव्या दिवशी केदारनाथची चढाई. खर्च वाढतो दोन मुक्कामांचा. सुट्टी मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण मग बद्रीनाथ पुढच्या वर्षी करावे. दोन्ही धाम एकाच खेपेत झालेच पाहिजेत असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

चारधामचा परंपरेने चालत आलेला क्रम यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ असा आहे. यमुनोत्री ३,२९३ मीटरवर, गंगोत्री साधारण ३,१०० मीटरवर. या क्रमाने जाणारा माणूस केदारनाथच्या पायथ्याशी येईपर्यंत दोनदा तीन हजारांच्या वर जाऊन आलेला असतो. विमानाने थेट डेहराडून गाठून पहिल्या दोन धामांना फाटा देणाऱ्यांचा हाच आधार सुटतो.

आता चढाईचा दिवस. पाट्यांवर अंतर १६ किलोमीटर आहे: गौरीकुंड ते जंगलचट्टी चार, तिथून भीमबली तीन, लिंचोली आणखी चार, बेस कॅम्प चार आणि देऊळ एक. २०१३ च्या जूनमध्ये १६ आणि १७ तारखांना आलेल्या प्रलयात रामबाड्याची वस्ती वाहून गेली. त्यानंतर वाट भीमबलीच्या पुढे मंदाकिनी ओलांडून समोरच्या डोंगराला लावली आणि १४ किलोमीटरची वाट लांबली, शिवाय उभी झाली. गौरीकुंड ते भीमबली हा टप्पा मन फसवणारा आहे. झाडी असते, दुकाने असतात, चढ सोसवतो आणि लोक वेग वाढवतात. खरा चढ पूल ओलांडल्यावर लिंचोलीपर्यंत आहे. तिथे झाडी संपत जाते, ऊन किंवा पाऊस थेट अंगावर येतो आणि उंचीही त्याच टप्प्यात तीन हजारांच्या पुढे जाते. एकूण चढ १,६०१ मीटर. सवयीच्या माणसाला सात ते आठ तास, घरातून उठून आलेल्याला दहा-अकरा.

वेगाची कसोटी एकच: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर पावले हळू करावीत, थांबून थांबून धावण्यात अर्थ नाही. तासाभराने पाच-दहा मिनिटे टेकावे, त्याहून जास्त बसू नये, कारण घाम थंड होतो आणि पाय आखडतात. गौरीकुंडहून पहाटे पाचच्या सुमारास निघाले तर नऊपर्यंत भीमबली, बारा-साडेबारापर्यंत लिंचोली, तीनपर्यंत देऊळ असा हिशेब बसतो. दोन वाजेपर्यंत लिंचोली आली नसेल तर पुढे जाऊ नये, लिंचोलीच्या तंबूत रात्र काढावी आणि उरलेले पाच किलोमीटर सकाळी चालावे. वरच्या हॉटेलचे पैसे भरले आहेत हे कारण सांगून लोक अंधारात पुढे रेटतात. ते पैसे गेले असे समजावे.

दुपारी तीनच्या सुमारास काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. देऊळ त्या वेळी नैवेद्यासाठी बंद होते आणि पाचच्या सुमारास पुन्हा उघडते. चढून आलेला माणूस सामान कुठेतरी टाकून थेट रांगेत उभा राहतो. वरून रेनकोट कोरडा दिसतो, पण आत सुती शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो. बायकांच्या साडीचा काठ नि परकर गुडघ्यापर्यंत ओला. चालताना शरीर तापलेले असते म्हणून हे जाणवत नाही. रांगेत चालणे थांबते, चोराबारी हिमनदीकडून वारा सुटतो, आणि अर्ध्या तासात दात वाजू लागतात. मग बोटे वळत नाहीत, बोलणे जड होते, माणूस गप्प गप्प होतो आणि सोबतचे म्हणतात, थकलाय. तो थकलेला नसतो, गारठलेला असतो. थरथर अचानक थांबली आणि अंग गारच असेल तर प्रकरण गंभीर आहे. रांगेत लागण्याआधी खोलीवर जाऊन अंगाला लागून असलेला प्रत्येक कपडा बदलावा, अगदी मोजेसुद्धा. दर्शन दोन तास उशिरा झाले तरी चालते.

कपड्यांचा नियम त्यातूनच निघतो. अंगालगत सुती काही नको, पॉलिस्टरचा साधा टी-शर्ट चालतो, दुकानातलाच महागडा हवा असे नाही. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. जीन्स तर अजिबात नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. वाटेवर मिळणारे पातळ प्लॅस्टिकचे पोंचो पहिल्या वाऱ्यात फाटतात, घरूनच जाड पोंचो न्यावा, तो पाठीवरच्या सॅकसकट झाकतो. सॅकमध्ये कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा आणि वर पोहोचेपर्यंत ती गाठ सोडायची नाही. कानटोपी, हातमोजे, डोक्याला लावायची विजेरी. सॅकचे वजन पाच किलोच्या आत राहिले पाहिजे, बाकी सामान खाली हॉटेलात ठेवता येते.

बुटांबद्दल सगळे सांगतात, तरी दरवर्षी लोक नव्या बुटांनिशीच येतात. बूट महिना-दीड महिना आधी घेऊन त्यातून रोज चालावे, चढावे, उतरावे. अर्धा नंबर मोठा घ्यावा, कारण उतरताना पंजा पुढे सरकतो. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे कापावीत. न कापलेले अंगठ्याचे नख सोळा किलोमीटरच्या उतारावर बुटाच्या टोकावर आपटत राहते आणि खाली येईपर्यंत काळेनिळे होते. टाचेला चुरचुरले की लगेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

खाण्यापिण्यात आपल्या लोकांचे दोन हट्ट नडतात. एक, सोमवार किंवा एकादशी धरून उपाशीपोटी चढणे. दुसरा, स्वच्छतागृह लागू नये म्हणून पाणी न पिणे, यात बायका जास्त. उंचीवर श्वास जलद होतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे घाम दिसला नाही तरी पाणी जात असते. पाणी कमी पडले की डोके दुखते आणि ते उंचीमुळे दुखते आहे की तहानेमुळे हेच कळेनासे होते. दिवसाला किमान दोन लिटर, थोडे थोडे. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडते आहे असे समजावे. दर तासाला तोंडात काहीतरी हवे: गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिरा वडी. ही उपासालाही चालते, म्हणजे सबब उरत नाही. पहिल्या रात्री वर भूक लागत नाही, तरी गरम डाळ-भात थोडा तरी खावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

आता कापराविषयी. गळ्यात कापराची पुरचुंडी आणि दर पन्नास पावलांवर ती हुंगणे, ही पद्धत महाराष्ट्रातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक गटात दिसते. कापराने नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने तसूभरही वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, त्यावर विसंबायला आहे. ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात त्यांचेही तेच. सहा ते दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने सोडला तर तीन ते पाच मिनिटांत संपतो. आजारी माणसाला तासन् तास ऑक्सिजन लागतो. डबा संपेपर्यंत बरे वाटते, आणि तेवढ्यात उतरण्याची वेळ निघून जाते.

औषध म्हणून ज्याला आधार आहे ते अ‍ॅसिटाझोलामाइड, डायमॉक्स या नावाने ओळखले जाते. प्रौढांसाठी प्रतिबंधाची रूढ मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून वर पोहोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते अडचणीचे ठरू शकते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा पाणचट लागतो, हे अपेक्षित परिणाम आहेत, घाबरू नये. घरी असताना एकदा घेऊन पाहावे, म्हणजे डोंगरावर नवल वाटत नाही. मधुमेहींनी इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. रक्तदाबाच्या गोळ्या यात्रेपुरत्या बंद करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, तसे कदापि करू नये. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि छातीत पूर्वी कधी दुखलेल्यांनी, तिकीट काढण्याआधी हृदयाची तपासणी करावी. या वाटेवर जे मृत्यू होतात त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, आणि छातीतले दुखणे गॅसेस म्हणून अंगावर काढलेले असते.

उंचीचा आजार पोहोचल्याबरोबर दिसत नाही, सहा ते बारा तासांनी उमटतो. म्हणजे संध्याकाळची आरती उत्साहात होते, फोटो निघतात, आणि रात्री एक-दोन वाजता, खोलीतले बाकी सगळे घोरत असताना, डोके ठणकू लागते, मळमळते. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांपैकी एक, एवढ्यावर आजार धरून चालावे. त्या माणसाने आणखी वर जायचे नाही, म्हणजे देवळाच्या वरची भैरवनाथाची टेकडीसुद्धा नाही. विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल, आणि सकाळपर्यंत उतार न पडल्यास खाली.

दोन लक्षणांना मात्र सकाळची वाट पाहायची नाही. नुसते बसलेले असताना धाप लागणे आणि कोरडा खोकला, हे फुफ्फुसात पाणी भरू लागल्याचे चिन्ह. फेसाळ, गुलाबी थुंकी येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. दुसरे, तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे, म्हणजे मेंदूला सूज. तपासायला सोपे आहे: फरशीची एक रेघ धरून टाचेला अंगठा लावत दहा पावले चालायला सांगावे. जो डुलतो त्याला झोपू देऊ नये, झोपला की बरा होईल असे म्हणू नये. केदारनाथमध्ये डॉक्टर आणि ऑक्सिजन असलेले दवाखाने आहेत, वाटेवर ठिकठिकाणी वैद्यकीय मदत केंद्रे आहेत, एसडीआरएफचे, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान असतात. ताबडतोब त्यांना गाठावे. खरा उपचार खाली नेणे हाच आहे, तीनशे ते हजार मीटर, आणि लिंचोलीपर्यंत उतरवले तरी पुष्कळांना फरक पडतो. फुफ्फुसात पाणी झालेल्याला चालवत नेऊ नये, श्रमाने ते वाढते. त्याला कंडीत (हमालाच्या पाठीवरची टोपली), डंडीत (चौघांनी उचलायची पालखी) किंवा स्ट्रेचरवर न्यावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण गार बोटांवर तो वाटेल ते आकडे दाखवतो, म्हणून आधी हात चोळून गरम करावेत. आणि यंत्राने ८५ दाखवले तरी माणूस हसत-बोलत जेवत असेल, तर यंत्रापेक्षा माणसाकडे पाहावे.

घोडा किंवा खेचर केले की प्रश्न मिटला, असे नाही. उंची तीच, फक्त ती कमी वेळात आणि अंग न हलवता गाठली जाते, त्यामुळे गारठा जास्त लागतो. स्वाराने पायी चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त घालावा. रिकिबीत फक्त पावलाचा पुढचा भाग ठेवावा, टाचेपर्यंत घातला तर पडताना पाय अडकून माणूस फरफटतो. चढावर पुढे झुकावे, उतारावर मागे. पावती सरकारी काउंटरवरूनच घ्यावी. खेचराने दिवसात एकच फेरी करायची असा नियम आहे, म्हणून लंगडणारे, तोंडाला फेस आलेले जनावर मिळाले तर नाकारावे. त्याच्या पाठीवर आपला जीव असतो, एवढे तरी लक्षात घ्यावे. पायी चालणाऱ्यांनी खेचरे येताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या कठड्याला टेकून कधीच नाही. पोत्यांनी भरलेले खेचर वळताना किती जागा घेते, हे त्याला कळत नाही आणि हाकणाऱ्यालाही दिसत नाही.

हेलिकॉप्टरचा हिशेब वेगळा आहे. फाटा, सेरसी किंवा गुप्तकाशीहून माणूस काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर उतरतो. दोन-तीन तासांत दर्शन घेऊन परतला तर उंचीचा आजार उमटायला वेळच मिळत नाही. हृदयावरचा ताण मात्र पहिल्या मिनिटापासून असतो. खरी गोची पुढे होते. दुपारी ढग उतरले की उड्डाणे बंद, आणि एका स्वेटरवर आलेल्या, जवळ औषधे नसलेल्या सत्तरीच्या माणसाला रात्र वर काढावी लागते. म्हणून हेलिकॉप्टरने जाणाऱ्यानेही गरम कपडे आणि दोन दिवसांची औषधे बरोबर ठेवावीत, आणि ढगाळ दिवशी वैमानिकाकडे आग्रह धरू नये. १५ जून २०२५ च्या पहाटे गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, तेव्हाही हवा खराब होती. तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात. बाकी ज्या साइट गुगलवर वर दिसतात त्यांत बनावट पुष्कळ आहेत. सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. आठ-नऊ तासांचा प्रवास ३६ मिनिटांवर येईल, असे सांगितले जाते. गुडघेदुखीवाल्यांची सोय होईल यात शंका नाही, पण उंचीच्या दृष्टीने तो हेलिकॉप्टरचाच भाऊ असेल, आणि माणसे मात्र कितीतरी पटीने जास्त असतील.

तारखांबद्दल थोडक्यात. मे ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून भाऊबीजेला दरवाजे बंद होईपर्यंत. मेमध्येही दुपारनंतर गारा पडतात, बर्फही होतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी कमी आणि हॉटेले स्वस्त म्हणून जाणारे असतात, त्यांनी दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. २१ जुलै २०२४ रोजी सकाळी चिरबासाजवळ वरून दगड कोसळून तीन यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैच्या रात्री, ढगफुटीने वाट जागोजागी तुटली आणि दहा हजारांहून अधिक माणसांना बाहेर काढावे लागले. रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडले की दरडी जास्त सुटतात, कारण भिजलेल्या मातीतून धोंडे मोकळे होतात. अशा सकाळी तास-दोन तास थांबून निघावे. वाटेवर ताज्या दगडांचा सडा दिसला की तिथे पाणी प्यायला किंवा फोटोला थांबायचे नाही, वर नजर ठेवून एकेकाने भरभर पार व्हायचे. पोलिसांनी वाट बंद केली तर त्यांच्याशी मराठी बाणा दाखवू नये.

यात्रेची नोंदणी सक्तीची आणि मोफत आहे, तिचा क्यूआर कोड सोनप्रयागला तपासतात. तो कागदावर छापून घ्यावा, फोन थंडीत लवकर मान टाकतो. वर नेटवर्क नि यूपीआय बेभरवशाचे, रोख रक्कम हवी.

उतरण्याचा दिवस सगळे गृहीत धरतात, आणि गुडघे त्याच दिवशी जातात. चढताना दम लागतो, उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून थरथरतात आणि मग सगळा भार सांध्यावर येतो. त्यात पाऊस, लीद आणि गुळगुळीत झालेले दगड. काठी एक नको, दोन हव्यात, आणि त्या पावलाच्या आधी खाली टेकल्या पाहिजेत. तयारी करायची तर जिने चढण्याइतकेच जिने उतरण्याला महत्त्व द्यावे. लिफ्टने वर जाऊन पायी उतरणे हा शहरातला उत्तम सराव आहे. यात्रेआधी दीड-दोन महिने, आठवड्यातून चार दिवस. एका दिवसात वर जाऊन त्याच रात्री परत येणारे बत्तीस किलोमीटर चालतात आणि शेवटचे पाच-सहा अंधारात. पाय मुरगळण्याचे प्रसंग बहुतेक त्याच पट्ट्यात घडतात.

यात्रा कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक मुक्कामापुढे त्या ठिकाणाची उंची मीटरमध्ये छापा. केदारनाथच्या आधी एक रात्र अडीच हजार मीटरच्या आसपास ठेवा. आणि एखाद्याला वर त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली उतरायला एक माणूस मोकळा ठेवा, कारण व्यवस्थापक एकटा असेल तर तो चाळीस जणांना सोडून उतरू शकत नाही आणि मग आजारी माणसालाच सकाळपर्यंत थांबवले जाते. आरक्षण करताना ग्राहकांनी हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. आपल्या वर्तमानपत्राने यात्राविशेष पुरवणीत हॉटेलांच्या यादीशेजारी उंचीचा एक तक्ता छापला, तर तो कापून पाकिटात ठेवणारे वाचक निश्चित मिळतील.

आपले,
हिमालयातील यात्रांना गट घेऊन जाणारे काही गिर्यारोहक, पुणे